जुन्या खिडकीवर माणूस बसवा



आज होळकरांचा इतिहास नाही, सराफ्यातली खादाडी नाही, रामबागेतल्या वाड्यांच्या आठवणीही नाहीत. आज विषय संगणकाचा आहे. कंटाळून पुढे जाऊ नका, कारण शेवटी गोष्ट घराण्याचीच निघणार आहे.

निमित्त असं झालं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार कंपनीने थांबवला. म्हणजे मशीन चालतं, पण सुरक्षेची नवी दुरुस्ती नेहमीसारखी मिळत नाही. तेव्हापासून आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत एकच चर्चा. पुण्याहून, बंगळूरहून, अमेरिकेहून मुलांचे फोन येऊन राहिले, "बाबा, आता मशीन बदलून टाका." सहापैकी चार जणांनी मला विचारलं, "तुम्ही बँकेतले, तुम्हाला यातलं कळतं. काय करायचं?" बँकेतल्या माणसाला सगळं कळतं हा इंदूरचा जुना समज आहे, तो मी कधी मोडू दिला नाही. पण उत्तर देताना मला 2013 साल आठवलं, आणि माझे थोरले बंधू नाना आठवले. म्हणून हे लांबलचक लिहितो आहे.

आधी माझी ओळख. इंदूर विद्यापीठाचा 1971 चा बी.कॉम. 1973 मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो, 2011 मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झालो. अडतीस वर्षांत दौत-टाकाच्या शेवटच्या पिढीपासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं पाहिलं. त्यामुळे "म्हाताऱ्यांना बदल नको असतो" असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. आमच्या पिढीने जेवढे बदल कामाच्या टेबलावर पचवले, तेवढे क्वचितच कोणी पचवले असतील.

1988 ची गोष्ट सांगतो. मी तेव्हा देवासच्या शाखेत होतो. बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल 1984 मध्ये येऊन गेला होता, त्याच्या आधी 1983 मध्ये युनियनांशी करारही झाला होता, आणि आता आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं. काचेच्या वेगळ्या खोलीत, एसीत. स्टाफला एसी नाही, मशीनला एसी! आमच्याकडे एक बडे बाबू होते. त्यांचा सेव्हिंग्जचा लेजर म्हणजे मोत्याचे दाणे. खातेदार खिडकीशी आला की नाव विचारायच्या आधी यांचं बोट पानावर. त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "यह तो रोटी छीनेगी."

पण बँकेने एक काम शहाणपणाचं केलं. मशीन आलं म्हणून लेजर बंद केले नाहीत. तीन महिने दोन्ही चाललं. व्हाउचर आधी लेजरमध्ये हाताने चढवायचं, मग मशीनवर. संध्याकाळी दोन्हीकडची शिल्लक जुळवायची. आम्ही त्याला पॅरलल रन म्हणायचो. दुप्पट काम, उशिरापर्यंत थांबणं, बायकोची बोलणी. पण त्या तीन महिन्यांत बडे बाबूंना दोन गोष्टी कळल्या. एक, मशीन बेरीज चुकत नाही. दुसरी, माणसाने चुकीचा आकडा दिला तर मशीन ती चूकही अगदी बिनचूक करतं, आणि ती पकडायला बडे बाबूच लागतात. तीन महिन्यांनी लेजर बंद झाले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने शेवटच्या पानावर रेघ मारली आणि सही केली. कोणी त्यांच्या हातातून वही ओढून घेतली नव्हती.

त्याच शाखेत पुढे काउंटरांची जागा बदलली. पेन्शनची खिडकी दाराशी होती, ती आत गेली. पाटी लावली, मोठ्या अक्षरात. पण पेन्शनवाली म्हातारी माणसं पाटी वाचून येतच नव्हती, ती पायांच्या सवयीने येत. दाराशी येऊन जुन्या बंद खिडकीपुढे उभी राहायची. मॅनेजर साहेबांनी तिथे स्टुलावर एक शिपाई बसवला. त्याचं काम एकच, "अम्मा, इधर नहीं, अब अंदर वाली खिड़की." सहा महिने तो बसला. हळूहळू गर्दी आपोआप आत जायला लागली, मग स्टूल उचललं. त्या शिपायाच्या सहा महिन्यांच्या पगारात बँकेने जे विकत घेतलं, ते कोणत्याही जाहिरातीने मिळालं नसतं.

आता संगणकावर येतो.

ज्यांनी 1995 नंतर संगणक हाताळला, त्या सगळ्यांचा हात एका जागी जात असे, पडद्याचा डावीकडचा खालचा कोपरा. 24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 आलं, आणि त्याबरोबर तिथे स्टार्टचं बटण आलं. पुढे रूप बदललं, एक्सपीमध्ये ते हिरवं झालं, मग गोल झालं, पण जागा तीच. सतरा वर्षं. घरातल्या देवघरासारखं, दिवा नसला तरी अंधारात हात बरोबर पोचायचा.

26 ऑक्टोबर 2012 ला विंडोज 8 आलं आणि ते बटण गेलं. संगणक सुरू केला की पडदाभर रंगीत चौकोन, त्यांना टाइल्स म्हणायचे. हवामान, टपाल, फोटो, बातम्या, सगळं हलतं-बदलतं. आपला जुना डेस्कटॉप होता, पण तोही त्या फरश्यांमधली एक फरशी. एखादं ॲप उघडलं की सगळा पडदा व्यापून बसायचं, आणि बंद करायची फुली दिसायची नाही. वरची कडा माऊसने धरून थेट खालपर्यंत ओढायची, मग ते जायचं. मशीन बंद करायचं तर माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, बाजूने एक पट्टी सरकत येणार, तिला चार्म्स म्हणायचे. त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाउन.

असं का केलं, हेही समजून घ्यायला हवं. 2007 मध्ये आयफोन आला, 2010 मध्ये आयपॅड. लोक बोटाने काम करायला लागले. मायक्रोसॉफ्टने विचार केला की टॅबलेटला एक आणि टेबलावरच्या संगणकाला दुसरी अशी दोन घरं कशाला, एकच करू. विंडोज 8 च्याच दिवशी त्यांचा स्वतःचा सरफेस टॅबलेटही विक्रीला आला. बोट माऊसच्या बाणापेक्षा कितीतरी जाड, म्हणून बटणं मोठी करावी लागली, मेनू काढावे लागले, कडेवरून बोट सरकवायच्या युक्त्या आणाव्या लागल्या. हातात धरलेल्या पाटीवर हे सगळं सुरेख चालतं. प्रश्न टेबलावर उभ्या पडद्यापुढे माऊस घेऊन बसलेल्या माणसाचा होता.

आमच्या घरात याची दोन्ही टोकं पाहायला मिळाली.

आमच्या सौ.नी बारा वर्षं घरात संगणक असून त्याला हात लावला नव्हता. "अहो, ते दोनदा टकटक करायचं मला जमत नाही," हे त्यांचं कायमचं उत्तर. डबल क्लिकची त्यांची गती म्हणजे एक टिचकी आत्ता आणि दुसरी कुकरच्या शिट्टीनंतर. 2013 मध्ये मुलीने टॅबलेट आणून दिला. एका दुपारी सौ. शिकल्या. बोटाने सरकवायचं, बोटाने दाबायचं, चिमटीने अक्षर मोठं करायचं. संध्याकाळी नातवाचा चेहरा पडद्यावर होता आणि सौ. त्याला पुरणपोळी दाखवत होत्या. तेव्हा स्पर्शाचा पडदा वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या बाईला यंत्राने बारा वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, तिला त्याने एका दुपारात आत घेतलं.

दुसरं टोक म्हणजे नाना.

नाना माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचं अक्षर आणि त्यांची रेघ पाहून साहेब लोक गप्प बसायचे. निवृत्तीनंतर 2004 मध्ये त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. मल्हाररावांच्या काळात आपले पूर्वज माळव्यात आले असं घरात सांगत आले आहेत, तिथपासून नऊ पिढ्या. एक्सपीचा संगणक घेतला, मराठीचा एक फॉन्ट घालून घेतला, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी एका एका बोटाने टाइप करायला शिकले. रोज सकाळी पूजा, पोहे, मग दहा ते साडेबारा कुलवृत्तांत. नऊ वर्षं हा नेम.

त्यांची एक पद्धत होती. ग्वाल्हेरला लष्करात आमची आत्या होती, तेव्हा 91 वर्षांची. कान पूर्ण गेलेले, म्हणून फोनचा उपयोग नाही. पण डोळे शाबूत आणि स्मरण असं की जावेच्या माहेरच्या शेजाऱ्याचंही नाव सांगेल. तिला तिच्या आजीने सगळ्या सुनांची नावं, माहेरं, कोण कुठल्या साथीत गेली, हे सगळं सांगितलेलं. नाना एक प्रकरण टाइप करायचे, मोठ्या अक्षरात छापायचे आणि पोस्टाने आत्याकडे पाठवायचे. आत्या पेन्सिलने दुरुस्त्या करून परत पाठवायची. तेरा प्रकरणं अशी झाली. चौदावं होतं पाचव्या पिढीच्या सुनांचं. घराण्याच्या कागदांत पुरुषांची नावं मिळतात हो, सनदा, पावत्या, कोर्टाचे कागद, सगळीकडे पुरुष. बायकांची नावं आत्यासारख्या माणसाजवळच असतात.

2013 च्या पाडव्याला पुतण्या पुण्याहून आला. बापावर जीव, हौसेने नवा कोरा संगणक घेऊन आला, सगळा एकाच पडद्यात बसलेला, स्पर्शाचा, विंडोज 8 वाला. गुढी उभारली, संगणकाला हळदकुंकू लावलं. जुना एक्सपी पोत्यात बांधून माळ्यावर गेला. जाताना पुतण्या म्हणाला, "बाबा, आता माऊसची पण गरज नाही. बोट लावा, झालं."

नानांनी बोट लावलं. त्यांची बोटं कोरडी, उन्हाळ्यात तर खडबडीत, पडदा कधी घ्यायचा, कधी नाही. किंचित कंपही होता, त्यामुळे टिचकी मारायला जावं तर पडद्याला वाटायचं दाबून धरलं आहे. उभ्या पडद्यापुढे हात उचलून धरायचा, आणि नानांचा उजवा खांदा आधीच दुखरा. माऊस घ्यावा तर कोपऱ्यात नकळत गेला की काहीतरी सरकून यायचं. हात सवयीने डाव्या खालच्या कोपऱ्यात जायचा, तिथे काही दिसायचं नाही. फाइल कशीबशी उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची, तो फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर हेच दिसतं. पण नानांना वाटलं नऊ वर्षांचं काम गेलं.

पुतण्या फोनवरून सांगायचा, "उजवीकडून स्वाइप करा." नाना म्हणायचे, "हो हो." दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी पडद्यावर कापड घातलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ऊन कमी झालं की बसतो." मग म्हणाले पाऊस थांबला की. मी तेव्हा रामबागेत आणि ते राजेंद्र नगरला, भेट महिन्या-दोन महिन्यांनी. मला तब्येतीचं कारण सांगायचे. खरं काय ते भाद्रपदात कळलं, कारण तेव्हा आत्या गेली.

ग्वाल्हेरहून तेरावं करून परत येताना रेल्वेत नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चौदावं प्रकरण राहिलं रे. त्या मशीनने मला माझ्याच घरात पाहुणा केलं."

हा माणूस नवं शिकायला घाबरणारा नव्हता, हे लक्षात घ्या. पासष्टाव्या वर्षी तो शून्यापासून शिकला होता. सौ.ना स्पर्शाचा पडदा सोपा गेला, कारण त्यांच्याजवळून काही काढून घेतलं गेलं नव्हतं. नानांजवळ नऊ वर्षांची कमाई होती. हाताला ठाऊक असलेल्या जागा, क्रम, खुणा. हीही एक ठेव असते, खात्यात दिसत नाही एवढंच. ज्याला काही येत नव्हतं त्याला नवी व्यवस्था सोपी, आणि ज्याने मेहनतीने मिळवलं होतं त्याचीच शिल्लक शून्य. पंचविशीतला मुलगा सहा महिन्यांत ती परत भरून काढतो. पंच्याहत्तरीत सहा महिने फार महाग असतात. तेवढ्यात आत्या जाते.

दोन जगांत वावरणं आपल्याला काही नवीन नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठलंही घ्या. आपण पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि बाहेर दुसरी भाषा असे जगतो. दाराशी "भिया, दो किलो आलू" म्हणतो आणि आत येऊन "अगं, बटाटे आणलेत" म्हणतो. गोंधळ होत नाही, कारण मधे उंबरा असतो आणि तो दिसतो. विंडोज 8 मध्येही दोन घरं होती, फरश्यांचं आणि डेस्कटॉपचं. पण मधला उंबरा दिसत नव्हता. तो कोपऱ्यांत आणि कडांमध्ये लपलेला होता, ज्याला ठाऊक त्यालाच सापडायचा.

त्या दिवाळीत मी आठ दिवस राजेंद्र नगरला जाऊन राहिलो आणि देवासच्या शाखेतलं कलम लागू केलं. माळ्यावरून एक्सपी खाली उतरवला, पुसला, सुरू केला. हिरवं स्टार्ट बटण दिसल्यावर नानांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण जुना आणला म्हणून नवा उचलला नाही. एकाच टेबलावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. नियम ठरवला, लिहायचं जुन्यावर, आणि रोजची शेवटची अर्धी तास तेच पान नव्यावर उघडून बघायचं. जुळलं तर वहीत बरोबरची खूण. पॅरलल रन.

जुन्या मशीनमधला मराठी फॉन्ट पेन ड्राइव्हवर घेऊन नव्यात घातला. तेराच्या तेरा प्रकरणं पुन्हा मराठीत दिसली. नाना काही बोलले नाहीत, आत जाऊन चहा ठेवायला सांगून आले. मग स्पर्शाचा नाद सोडून नव्या मशीनला कीबोर्ड आणि माऊस पक्का केला आणि चार कळा वहीत लिहून दिल्या. विंडोजची कळ आणि डी दाबली की डेस्कटॉप. विंडोज आणि सी, की उजवीकडची पट्टी. विंडोज आणि एक्स, की कामाच्या गोष्टींची यादी. आणि विंडोज आणि स्पेस, की भाषा बदलते. ही शेवटची त्यांना फार आवडली. "हे चांगलं केलं रे, मराठी आणि इंग्रजी एका दारात आणले," म्हणाले.

तोवर कंपनीकडेही लोकांचं म्हणणं पोचलं होतं. 17 ऑक्टोबर 2013 ला विंडोज 8.1 आलं, फुकट. त्यात डाव्या खालच्या कोपऱ्यात बटण परत आलं होतं. मी ते रात्रभर डाउनलोडला लावलं. सकाळी नानांनी हौसेने बटण दाबलं, तर जुना मेनू नाही, पुन्हा त्याच फरश्या. मला आमचा स्टुलावरचा शिपाई आठवला. जुन्या खिडकीवर बसलाय, आणि सांगतोय, अब अंदर वाली खिड़की. पण खरं सांगू, तेवढ्यानेही फरक पडला. हात जिथे जातो तिथे काहीतरी आहे, एवढं माणसाला पुरतं. मशीन सुरू झाल्यावर थेट डेस्कटॉपवर जायची सोयही 8.1 मध्ये होती, ती लावून दिली.

8 एप्रिल 2014 ला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. एक्सपीचा आधार संपला, आणि 8.1 ला एक सुधारणा आली, तिच्यात फरश्यांच्या पानावर पॉवरचं बटण दिसू लागलं आणि ॲपला माऊसने बंद करायची फुली मिळाली. मी जुन्या मशीनची इंटरनेटची तार काढली. तोवर नानांच्या वहीत पाच महिन्यांच्या बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. एक दिवस त्यांनीच फोन केला, "तो जुना आता नेलास तरी चालेल." बडे बाबूंनी लेजरवर रेघ मारली तशी. पुढे 29 जुलै 2015 ला विंडोज 10 आलं आणि त्यात स्टार्टचा मेनूही परत आला, काही फरश्या पोटात घेऊन. जुनं आणि नवं जुळवून घ्यायला कंपनीलाही तीन वर्षं लागली, हे नानांना सांगितल्यावर ते खूप वेळ हसत होते.

कुलवृत्तांत 2015 च्या डिसेंबरात छापून झाला. 212 पानं, 150 प्रती. नाना 2017 मध्ये गेले, आपलं काम हातात धरून, पाहून गेले. चौदावं प्रकरण त्यात आहे. पाचव्या पिढीतल्या तीन सुनांची नावं मात्र नाहीत. नानांनी तिथे "माहिती उपलब्ध नाही" असं छापू दिलं नाही. रिकामी ओळ सोडली, ड्राफ्ट्समनच्या सरळ रेघेने आखून.

आता सकाळच्या मंडळींना दिलेलं उत्तर तुम्हालाही देतो.

नवं मशीन घ्या, जरूर घ्या. पण जुनं लगेच भंगारात किंवा माळ्यावर टाकू नका. सहा महिने शेजारी ठेवा. आधार संपलेल्या जुन्यावर बँकेची कामं करू नका, त्याची इंटरनेटची जोडणी काढून फक्त लिहिण्या-वाचण्यापुरतं वापरा.

पहिल्याच दिवशी तुमच्या मराठी फाइली नव्यात उघडून बघा. जुन्या फॉन्टातल्या असतील तर फॉन्टही बरोबर न्या, आणि सवड काढून मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, म्हणजे नातवंडांच्या मशीनवरही तो दिसेल.

विंडोज 11 मध्ये स्टार्टचं बटण मधोमध आलं आहे. ते डावीकडे नेता येतं. खालच्या पट्टीवर रिकाम्या जागी उजवी टिचकी मारा, टास्कबार सेटिंग्ज उघडा, त्यात अलाइनमेंट शोधा, लेफ्ट करा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइज आहे, तिथे अक्षर मोठं होतं. या दोन गोष्टींनी निम्मी भांडणं मिटतात.

रोजची कामं एका वहीत, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हाताने लिहा. मुलाने लिहून दिलेली वही उपयोगाची नसते, कारण त्याला जे उघड वाटतं तेच तो गाळतो.

आणि मुलांनो, सुनांनो, तुमच्यासाठी एकच. शिकवताना बाजूच्या खुर्चीवर बसा आणि माऊस बाबांच्याच हातात राहू द्या. "थांबा, मी करून देतो" म्हणून माऊस घेतलात की काम दोन मिनिटांत होतं, पण शिकणं तिथेच थांबतं. तुम्ही पुण्याला परत जाता, आणि पडद्यावर कापड पडतं. ते कापड दिसलं तर तब्येतीची सबब ऐकून घेऊ नका, विचारा.

शेवटचं, यात संगणक लागत नाही. तुमच्या घरात कोणी आत्या, मावशी, काकू नव्वदीच्या असतील, तर मशीनची वाट पाहू नका. आज वही-पेन घ्या आणि घराण्यातल्या सुनांची नावं विचारून ठेवा. टाइप नंतर करता येतं.